साईडपट्टी ते तिसरी लेन

दिवाळी आटोपली की यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याच्या भोवतालच्या गावरस्त्यांवर कापसाच्या ट्रॉल्या जिनिंगकडे निघतात. ट्रॉलीच्या दोन्ही अंगांना ताडपत्री फुगून बाहेर आलेली असते आणि खाली डांबराचा पट्टा जेमतेम एका वाहनापुरता. अशा एकपदरी रस्त्याची ठरलेली रुंदी ३.७५ मीटर. मालट्रकची रुंदी अडीच मीटर, साध्या मोटारीची पावणेदोन मीटरच्या आसपास. समोरून दुसरे काही आले की दोघे डांबरावर मावतच नाहीत. कुणाला तरी डावी चाके साईडपट्टीवर उतरवावी लागतात. साईडपट्टी म्हणजे मुरूम आणि सुटी खडी. पाऊस झाला असेल तर काळी माती, त्यात चाक रुतले की गेलेच.

उतरायचे कुणी, हे कुठल्या पाटीवर लिहिलेले नाही. तरी गाडी शिकणाऱ्या पोराला ते पहिल्या आठवड्यात कळते. भरलेल्याने डांबर सोडायचे नाही, रिकाम्याने सोडायचे, कारण भरलेली ट्रॉली खाली उतरली तर कलंडते. चढ चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे. बंडी असेल तर हॉर्न वाजवायचा नाही, बैल बुजतात. धुरकरी कासरा ओढून जोडी बाजूला घेईपर्यंत थांबायचे. आणि पार झाल्यावर ट्रॅक्टरवाला स्टिअरिंगवरचा एक हात उचलतो. आभार तेवढ्यातच होतात.

हे सगळे आधी सांगण्याचे कारण असे की, महामार्गावरच्या गर्दीचा विषय निघाला की ‘आपल्या लोकांना शिस्तच नाही’ हे वाक्य ठरलेले असते. मला ते पटत नाही. शिस्त आहे, आणि जिवावर बेतते म्हणून चांगली कडक आहे. मात्र ती घडली आहे एका पट्ट्याच्या रस्त्यावर. तीच शिस्त घेऊन आपण कारंज्याला समृद्धी महामार्गावर चढतो, तीच घेऊन पुण्याच्या बायपासला लागतो, आणि तिथे ती उलटी पडते.

माझ्या ध्यानात हे आले ते भाच्यामुळे. तो पुण्यात नोकरीला असतो. त्याला सोडायला निघालो होतो. कारंज्याहून समृद्धीवर चढलो आणि सवयीने गाडी उजव्या लेनमध्ये, दुभाजकाशेजारी लावली. काटा शंभरावर. रस्ता मोकळा. थोड्या वेळाने मागून डिप्पर सुरू झाला.

“मामा, मागचा डिप्पर मारून राह्यला. डाव्या लेनमंदी घ्या नं.”

“काहून? मी शंभरनं चाललो नं. सावकाश थोडीच आहो.”

“तसं नसते मामा. ही लेन चालवाची नोहे. पुढच्याले मागं टाकाचं आन् वापस याचं.”

मी पंचवीस वर्षांपासून गाडी चालवतो. एकही अपघात केलेला नाही. तरी उजवी लेन ‘चालवण्याची’ नसते हे मला कुणी सांगितले नव्हते, आणि सांगणार तरी कोण? पक्क्या लायसन्सच्या वेळी गाडी मागे घेऊन दाखवली, वळण घेऊन दाखवले, खुणांच्या पाट्या ओळखल्या. तीन लेनच्या रस्त्यावर लेन बदलून दाखवा असे कुणी म्हटले नाही. तसा रस्ताच जवळपास नव्हता.

आमच्याकडचा चालक उजवीकडे का सरकतो, हे त्याच्या जागी बसून पाहावे. यवतमाळ, दिग्रस, नेर, कुठल्याही बाजूला जा, रस्त्याची डावी कड ही सगळ्या गावाची असते. डाव्या कडेने शाळेची पोरे चालतात. सायकल, बंडी, शेळ्या त्याच बाजूने. आश्विन-कार्तिकात सोयाबीन डांबरावर वाळत घातलेले असते. एसटीची वाट पाहणारी माणसे डावीकडेच उभी. डांबराची कड तुटून खड्डा पडतो तोही डावीकडेच. अशा रस्त्यावर शहाणा चालक डावी कड सोडून मध्यावर राहतो. समोरून कुणी आले की तेवढ्यापुरता डावीकडे सरकतो, पुन्हा मध्यावर येतो. वर्षानुवर्षे हे केले की हाताला एक गोष्ट पक्की बसते: उजवीकडे सुरक्षित, डावीकडे धोका.

रस्ते बांधणाऱ्यांनाही या गोष्टीची जाण आहे. भारतीय रस्ते काँग्रेस ही १९३४ साली स्थापन झालेली संस्था आपल्या रस्त्यांची मापे ठरवते. रस्त्यावर किती वाहने मावतील याचा हिशेब करताना ती प्रत्येक वाहनाचे मोटारीत रूपांतर करते. गावाबाहेरच्या रस्त्यांसाठी १९९० साली तिने दिलेल्या कोष्टकात मोटार म्हणजे १, मोटरसायकल अर्धी, ट्रक किंवा बस ३, ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर साडेचार, आणि बैलबंडी ८. बंडी काही आठ मोटारींइतकी लांब नसते. पण ती ताशी चार-पाच किलोमीटरने चालते, म्हणून तिच्यामागे रस्त्याचा जो तुकडा अडकून पडतो तो आठ मोटारींचा. रस्त्यावर जागा किती व्यापली हे नुसत्या आकारावरून ठरत नाही. शेजारच्या वाहनाच्या आणि तुमच्या वेगात फरक किती, यावरही ठरते. लेनची सगळी कल्पना इथून सुरू होते.

रस्त्याच्या मधोमध रेघ ओढण्याची सुरुवात अमेरिकेत झाली. मिशिगन राज्यातल्या वेन काउंटीचे रस्ते पाहणारे एडवर्ड हाइन्स यांनी १९११ मध्ये ती सुचवली. दुधाची गळकी गाडी पुढे चाललेली, तिच्यामागे रस्त्यावर दुधाची पांढरी धार उमटत गेलेली, आणि ती पाहून त्यांना हे सुचले, अशी कथा सांगतात. त्या रेघेने रस्त्याचे दोन भाग केले, जाणाऱ्यांचा आणि येणाऱ्यांचा. पुढे एकाच दिशेने जाणाऱ्यांसाठीही रेघा आल्या, आणि त्या आल्या वेगाच्या फरकासाठी. हळू जाणारा आणि जलद जाणारा यांनी एकमेकांना न अडवता पुढे जावे, हे त्यांचे काम.

दोनपदरी रस्त्यावर ओव्हरटेक किती महाग पडते, त्याचा हिशेब एकदा करून पाहण्यासारखा आहे. पुढे ट्रक ताशी ६० किलोमीटरने चालला आहे, तुम्ही ८० ने जाणार. फरक २० चा, म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. ट्रकच्या मागे २० मीटर अंतर, ट्रकची लांबी १०, तुमची गाडी ४, आणि पुढे गेल्यावर परत डावीकडे येण्याआधी २० मीटर. एकूण ५४ मीटर तुम्हाला ट्रकपेक्षा जास्त कापायचे आहेत. त्याला जवळजवळ १० सेकंद लागतात. त्या १० सेकंदांत तुम्ही २२० मीटर पुढे जाता, समोरचाही ८० ने येत असेल तर तोही २२०. म्हणजे निघतानाच समोर साडेचारशे मीटर रस्ता रिकामा दिसायला हवा. तेवढा सरळ, उघडा तुकडा आमच्या रस्त्यांवर क्वचित मिळतो. म्हणून ट्रकमागे गाडी लावून वाट पाहणे, क्लीनरने खिडकीतून हात काढून ‘या’ म्हटले की निघणे, हॉर्न देऊन ‘मी येतो आहे’ कळवणे, हे सगळे आले. ट्रकच्या मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायची रीत अशाच रस्त्यांवर शोभत होती. हॉर्नचा अतिरेक वाढतो म्हणून महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने २०१५ मध्ये ती बंद करायला सांगितले.

समृद्धी महामार्गावर यातले काहीच लागत नाही. समोरून कुणी येत नाही, मधे दुभाजक आहे. नागपूर ते ठाणे जिल्ह्यातील आमणे असा हा ७०१ किलोमीटरचा रस्ता. त्यातला नागपूर–शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला आणि शेवटचा इगतपुरी–आमणे टप्पा ५ जून २०२५ ला. यवतमाळ जिल्ह्यातून तो जात नाही, पण वाशीम जिल्ह्यातून जातो, आणि कारंज्याचा इंटरचेंज दारव्हेकरांना तासाभराच्या अंतरावर पडतो. पुण्याला जाणाऱ्या आमच्या भागातल्या माणसाचे गणितच त्याने बदलून टाकले. एका दिशेला तीन लेन. मोटारींना ताशी १२० ची मर्यादा, जड वाहनांना ८० ची. दुचाकी आणि तीनचाकींना प्रवेश नाही.

तीन लेनचा अर्थ सरळ आहे. डावी लेन ट्रक, कंटेनर आणि जे कुणी सावकाश जाईल त्याची. मधली मोटारींची. उजवी फक्त ओव्हरटेकसाठी. पुढच्याला मागे टाकले की आरशात त्याचे दोन्ही हेडलाइट दिसेपर्यंत पुढे जायचे, डावा इंडिकेटर द्यायचा आणि डावीकडे परत यायचे. तुम्ही वेगमर्यादेइतक्या वेगाने चालला असलात तरी उजव्या लेनमध्ये मुक्काम करायचा नाही. ‘मी १२० ने चाललो, माझ्यामागच्याला आणखी घाई असेल तर तो नियम मोडतो आहे’ हा युक्तिवाद मी पुष्कळ ऐकला आहे, स्वतःही केला आहे. पण मागच्याचा वेग तपासणे पोलिसांचे आणि कॅमेऱ्याचे काम आहे. तुम्ही अडवून ठेवले की तो थांबत नाही. तो डावीकडून काढतो. खरा धोका तिथून सुरू होतो.

ट्रकच्या केबिनमध्ये एकदा तरी बसून पाहावे. चालक उजव्या खिडकीशी, जमिनीपासून बऱ्याच उंचीवर. डावीकडे त्याच्यापासून दुसऱ्या खिडकीपर्यंत अख्ख्या केबिनचे अंतर. डाव्या दाराला लागून चाललेली मोटार त्याला आरशातही दिसत नाही आणि काचेतूनही दिसत नाही. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असल्यामुळे डावी बाजू ही चालकाची आंधळी बाजू. ओव्हरटेक उजवीकडून करायचे हा नियम याच कारणाने आहे. उजव्या लेनमध्ये ट्रक संथपणे चाललेला असला की मागच्या सगळ्यांना त्याच्या आंधळ्या बाजूने जावे लागते, आणि त्याच क्षणी त्याला डावीकडे यावेसे वाटले तर तो कुणालाच न पाहता येतो.

ट्रक उजव्या लेनमध्ये का येतात, हेही त्यांच्या बाजूने समजून घ्यायला हवे. एक ट्रक ७५ ने चालला आहे, दुसरा ७८ ने जाऊ शकतो. मागच्याला वाटते, निघावे पुढे. फरक ताशी ३ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला मीटरही नाही. दोन्ही ट्रक १२-१२ मीटरचे, मागे-पुढे २०-२० मीटर अंतर, मिळून ६४ मीटर. त्याला लागतात ७७ सेकंद, आणि तेवढ्यात तो दीड किलोमीटरहून जास्त रस्ता शेजारच्या लेनमध्ये राहतो. जर्मनीत याला हत्तींची शर्यत म्हणतात. या शर्यतीत जिंकणाऱ्याला मिळते काय? शंभर किलोमीटर गेल्यावर तीन मिनिटे. आणि मागे १२० ने येणाऱ्या मोटारींना ब्रेक दाबून ७८ वर यावे लागते. वेगातला फरक १० चा असता तर हेच काम २३ सेकंदांत उरकले असते. लेनच्या रस्त्यावर ओव्हरटेक करायचे तर ठसक्यात करावे, नाहीतर करूच नये.

समृद्धीवर गर्दी तुलनेने कमी, त्यामुळे तिथली चूक दिसून येत नाही आणि जिवावर मात्र येते. १२० आणि ८० यांत ४० चा फरक, सेकंदाला ११ मीटर. उजव्या लेनमध्ये दोनशे मीटरवर दिवा नसलेला ट्रक असेल तर हातात १८ सेकंद असतात. तो थांबलेला असेल तर फक्त सहा. रात्री दोन वाजता, सरळ, एकसुरी रस्त्यावर डोळ्यांवर झापड आलेली असताना सहा सेकंद फार थोडे. १ जुलै २०२३ च्या पहाटेआधी विदर्भातून पुण्याकडे निघालेली खासगी बस सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली आणि २५ जण गेले. त्या रात्री आमच्या भागातल्या किती घरांत फोन वाजले असतील, ते आठवले तरी अंगावर काटा येतो. पुण्यात मूल शिकायला किंवा नोकरीला आहे असे घर आता प्रत्येक गल्लीत आहे. त्या अपघाताचे कारण लेनचे होते असे मी म्हणत नाही. पण त्यानंतर रात्रीच्या ट्रॅव्हल्सने मुलांना पाठवताना आईबाप या रस्त्याचे नियम विचारू लागले, हे खरे.

छत्रपती संभाजीनगरला समृद्धी सोडून नगरकडे वळले की रस्ता भरू लागतो, आणि वाघोली आली की पुणे सुरू झाले असे समजावे. टॉमटॉम या डच कंपनीच्या २०२४ च्या अहवालात जगातल्या सर्वांत मंद शहरांत पुणे चौथे होते: १० किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटे २२ सेकंद. म्हणजे ताशी १८ किलोमीटर. दारव्ह्याहून यवतमाळ ४० किलोमीटरवर, साधारण तासाभराचा रस्ता. पुण्याच्या त्या वेगाने ते अंतर सव्वादोन तासांचे होते.

वाहने वाढली, रस्ते तेवढेच राहिले, हे कारण सर्वांना ठाऊक आहे आणि ते बरोबरच आहे. २०१५ मध्ये पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले तेव्हापासून वाघोली, हिंजवडी, चाकण ही गावे कुठे संपतात आणि शहर कुठे सुरू होते ते सांगता येईनासे झाले आहे. पण वाहनांची संख्या तीच असताना एका दिवशी रस्ता वाहता राहतो आणि दुसऱ्या दिवशी तुंबतो, ते का?

२००८ मध्ये जपानच्या संशोधकांनी केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. २३० मीटर घेराचा एक गोल रस्ता, त्यावर २२ मोटारी. सगळ्यांना सांगितले, ताशी ३० च्या आसपास सारख्या वेगाने चालवत राहा. सिग्नल नाही, वळणाचा फाटा नाही, खड्डा नाही, कुणी आडवे येत नाही. थोडा वेळ छान चालले. मग कुणाचा तरी वेग किंचित कमी झाला. त्याच्या मागच्याने थोडा जास्त ब्रेक दाबला, त्याच्या मागच्याने आणखी जास्त, आणि काही गाड्या चक्क थांबल्या. पुढची गाडी निघाली की ही निघायची, पण तोवर मागे दुसरी थांबलेली असायची. कोंडी गोलावर मागे मागे सरकत राहिली, ताशी २० किलोमीटरच्या सुमाराने. गाड्या पुढे, कोंडी मागे. कुठेही अडथळा नसताना. महामार्गावर अर्धा तास रखडल्यावर पुढे काहीच दिसत नाही, ना अपघात, ना बंद पडलेला ट्रक, तेव्हा आपण अशाच एका लाटेतून बाहेर पडलेले असतो. ती लाट कदाचित कित्येक किलोमीटर पुढे, बऱ्याच वेळापूर्वी, कुणीतरी कट मारल्यामुळे उठली होती. कट मारणारा केव्हाच पुढे निघून गेलेला असतो आणि त्याला याचा पत्ताही नसतो.

कट मारणे म्हणजे दोन गाड्यांमधल्या अंतरात तिसरी घुसवणे. आपल्याकडे ते अंतर ‘रिकामी जागा’ समजले जाते, आणि कुणी घुसू नये म्हणून लोक पुढच्या गाडीच्या बंपरला खेटून चालतात. वास्तविक लेन वाहती राहते ती त्या अंतरामुळेच. दोन गाड्यांमध्ये दोन सेकंदांचे अंतर धरले तर एका लेनमधून तासाला १,८०० गाड्या जातात. अंतर खाऊन टाकले तर वाटते की जास्त गाड्या मावल्या, पण आता प्रत्येक लहानसा ब्रेक मागे लाट होऊन जातो. मधे अंतर ठेवणारा चालक त्या लाटेला गिळतो. तो ब्रेक न दाबता फक्त पाय उचलतो, आणि त्याच्या मागचे दहा जण थांबण्यापासून वाचतात. दोन सेकंद मोजणे अवघड नाही. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मनात ‘एक हजार एक, एक हजार दोन’ म्हणायचे, आणि त्यानंतर आपण त्या खांबाशी पोहोचलो पाहिजे. पावसात तीन किंवा चार.

जिथे रस्ता अरुंद होतो किंवा दोन प्रवाह मिळतात तिथे कसोटी लागते. पुण्यातला चांदणी चौक याचे मोठे उदाहरण होते. कोथरूड, बावधन, मुळशी आणि मुंबई–बंगळूरु महामार्ग, सगळे एका घशातून जायचे. उजवीकडून आलेल्याला डावीकडे आणि डावीकडच्याला उजवीकडे जायचे, तेही दोन-तीनशे मीटरच्या आत. तिथला जुना पूल १ आणि २ ऑक्टोबर २०२२ च्या मधल्या रात्री स्फोटकांनी पाडला आणि १२ ऑगस्ट २०२३ ला नव्या उड्डाणपुलाचे उद्घाटन झाले. पुलाने घसा रुंद झाला. पण दोन लेनची एक होताना कुणी कधी जायचे, हे पूल ठरवत नाही.

त्यासाठी जर्मनीत वाहतुकीच्या कायद्यातच एक रीत लिहून ठेवली आहे. तिचे नाव चेन लावण्यावरून आले आहे, पिशवीला किंवा जॅकेटला असते ती चेन. दोन्ही लेनमधल्या गाड्या अरुंद तोंडापर्यंत सरळ यायच्या, आणि तिथे आळीपाळीने एक इकडची, एक तिकडची. कुणी आधीच घुसायचे नाही, कुणी ‘मी नाही जाऊ देणार’ म्हणून अडवायचे नाही. यात मला काहीच परके वाटत नाही. आमच्याकडे गावाच्या अरुंद पुलावर दोन्हीकडून बंड्या आल्या की हेच होते: एक इकडची, एक तिकडची, आणि भांडण होत नाही, कारण समोरचा धुरकरी आपल्याला ओळखतो. शहरात समोरचा आपल्याला ओळखत नाही. ओळखीवर चालणारी रीत अनोळखी गर्दीत टिकायची असेल तर तिला रेघांचा आणि इंडिकेटरचा आधार लागतो. इंडिकेटर म्हणजे ओळख नसलेल्या माणसाशी बोलण्याची भाषा.

या भाषेतही घोळ आहेत, आणि त्याबद्दल कुणीतरी मोठ्याने बोलायला हवे. आपल्याकडचे ट्रकवाले मागच्याला ‘पुढे जा’ सांगायला इंडिकेटर वापरतात. कुणी डावा देतो, कुणी उजवा. आता पुढच्या ट्रकचा उजवा इंडिकेटर लागला तर त्याचा अर्थ ‘या पुढे’ की ‘मी उजवीकडे वळतो आहे’? अंधारात चुकीचा अर्थ लावला तर थेट त्याच्या चाकांखाली. लेनच्या रस्त्यावर इंडिकेटरचा एकच अर्थ धरावा: ज्या बाजूला लागला त्या बाजूला ते वाहन येणार. बाकी कुठलाही अर्थ मनातून काढून टाकावा, देणारा कितीही मायेने देत असला तरी.

कायदा या बाबतीत गप्प नाही. मोटार वाहन (ड्रायव्हिंग) विनियम, २०१७ मध्ये लेनमध्ये राहणे, संकेत देऊनच लेन बदलणे, ओव्हरटेक उजवीकडून करणे हे सगळे आहे. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक ड्रायव्हिंगच्या कलम १८४ मध्ये बेकायदा ओव्हरटेक आणि उलट्या दिशेने गाडी घालणे हेही स्पष्ट नोंदले गेले. पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. रुग्णवाहिकेला किंवा अग्निशमन दलाच्या गाडीला वाट न देणाऱ्याला १०,००० रुपये दंड. ९४.५ किलोमीटरच्या मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून कॅमेऱ्यांची यंत्रणा लेन तोडणारी वाहनेही टिपते. दंडाने फरक पडतो, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण कॅमेरा ज्या रस्त्यावर आहे त्याच रस्त्यावर पडतो, आणि आमच्या भागातला माणूस त्या रस्त्यावर पोहोचतो तेव्हा त्याचा हात पंधरा-वीस वर्षे वेगळे शिकून आलेला असतो.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की लेन शिकवायची जागा दारव्हा आहे. द्रुतगती मार्गावरच्या पाटीपाशी पोहोचेपर्यंत उशीर झालेला असतो. तालुक्याच्या गावात ड्रायव्हिंग स्कूल आहेत, पोरे शिकतात, महिनाभरात गाडी हातात येते. त्याच महिन्यात एक दिवस त्यांना कारंज्याच्या इंटरचेंजवर न्यावे. चढतानाची लेन कशी असते, तिच्यात गाडीला वेग कसा द्यायचा, डोके वळवून उजव्या आरशापलीकडे कसे पाहायचे, मोकळी जागा मिळाल्यावर न थांबता कसे मिसळायचे, हे कागदावर समजत नाही. सर्वांत घातक चूक त्या जागी घडते: माणूस घाबरून चढाच्या टोकाशी गाडी थांबवतो आणि शून्य वेगाने १२० च्या प्रवाहात शिरतो. शिकवणाऱ्याने शेजारी बसून तीन वेळा करून घेतले की ती भीती जाते.

मी तेच केले. मुलगी यंदा गाडी शिकली. कापसाच्याच दिवसांत तिला घेऊन निघालो, कारंज्याला समृद्धीवर चढलो, पुढच्या शेलूबाजारच्या इंटरचेंजला उतरलो, परत फिरलो. जाताना तिने दोन ट्रक मागे टाकले आणि दोन्ही वेळा इंडिकेटर देऊन मधल्या लेनमध्ये परत आली. येताना एक कंटेनर दुसऱ्याशेजारी लागलेला, तिने डावीकडून काढायला नकार दिला आणि मिनिटभर मागे थांबली. मी काही बोललो नाही.

कारंज्याहून दारव्ह्याला येईस्तोवर अंधार पडला. फाट्यावरून गावरस्त्याला लागलो तर समोरून ट्रॅक्टर, ट्रॉली कापसाने भरलेली, एकच दिवा लागलेला. तिने वेग कमी केला, दिवा खाली पाडला आणि डावी दोन चाके साईडपट्टीवर उतरवून थांबली. ट्रॉली आमच्या आरशाला घासते की काय इतक्या जवळून गेली. ट्रॅक्टरवाल्याने हात उचलला. तिनेही उचलला.